शत्रूची रसद आणि रक्तांतलें लोह

खुडुक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. इतका काळ त्या अंड्यांना तिच्या अंगाची ऊब मिळत असते. कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात, खालीं खुराड्यांतील ओल व विष्ठा असते, आणि आंत तर जंतूंना मेजवानीच व्हावी असा पिवळा बलक जपून ठेवलेला असतो. तेवढ्याच उबेंत दुधाची वाटी ठेवली, तर ती एका रात्रींत नासून जाईल. अंडें मात्र सहसा नासत नाहीं. ही गोष्ट घरोघरच्या गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु तिचें कारण विचारण्याची बुद्धि फार थोड्यांना झाली. अंड्यांतील तो पांढरा, बेचव, चिकट रस म्हणजे बलकाभोंवतीं उभारलेला एक तटच होय. त्या तटाचें रहस्य उलगडतां उलगडतां मनुष्याच्या रक्तांत अहोरात्र चाललेल्या एका युद्धाचा पत्ता शास्त्रज्ञांना लागला.

ह्या रसाचा एक गुण अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२२ सालींच दाखविला होता. अश्रूंत, नाकांतील श्लेष्म्यांत आणि अंड्याच्या पांढऱ्या भागांत ‘लायसोझाइम’ नांवाचें एक द्रव्य असून तें कांहीं जंतूंचें कवच भेदून त्यांना विरघळवून टाकतें, हें त्यांनीं सिद्ध केलें. परंतु पुष्कळशा रोगजंतूंवर ह्या द्रव्याची मात्रा चालत नाहीं, आणि तरी तेहि अंड्याच्या रसांत वाढत नाहींत. मग त्यांना कोण अडवितें? १९४४ सालीं न्यूयॉर्क येथें आर्थर शेड व लिओना कॅरोलाइन या दोघांनीं ह्या प्रश्नाचा छडा लावला. त्यांनीं आमांशाचे जंतु, पू उत्पन्न करणारे जंतु, आंतड्यांत राहणारे कोलाय जंतु आणि यीस्ट अशा चार प्रकारच्या सूक्ष्म जीवांवर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या रसाचा परिणाम पाहिला. चौघांचीहि वाढ खुंटली. नंतर त्या मिश्रणांत निरनिराळीं द्रव्यें घालून पाहण्यांत आलीं. बाकीच्यांचा उपयोग झाला नाहीं. लोहाचा अल्पसा अंश मिसळतांच मात्र जंतु पुन्हां जोमानें वाढूं लागले. याचा अर्थ चमत्कारिक होता. हा अडथळा विषाचा नव्हता, कवच फोडण्याचाहि नव्हता; जंतु येथें नुसते उपाशी राहत होते. रसांतील एक प्रथिन लोहाचे अणु इतके घट्ट धरून बसतें, कीं जंतूंच्या वांट्याला कांहींच उरत नाहीं.

मराठी मनुष्याला ही युद्धनीति समजावून सांगण्याची गरज नाहीं. १७६० च्या हिवाळ्यांत अबदालीनें पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तोडली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जी फौज लढाईस बाहेर पडली ती उपासानें आधींच खंगलेली होती. तरवारीचें निम्में काम दाण्याच्या टंचाईनें उरकून ठेवलें होतें. शरीरहि हीच विद्या जाणतें, आणि मनुष्याला राजनीति सुचण्याच्या कितीतरी आधींपासून जाणतें.

दोनच वर्षांनीं, १९४६ सालीं, शेड व कॅरोलाइन यांनीं मनुष्याच्या रक्तद्रवांतहि लोह पकडणारें तसेंच प्रथिन असल्याचें दाखविलें. १९४७ सालीं स्वीडनमधील होल्मबर्ग व लॉरेल यांनीं त्याला ‘ट्रान्सफेरिन’, म्हणजे लोह वाहून नेणारें, असें नांव दिलें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश रक्तांतील तांबड्या पेशींच्या रंगद्रव्यांत गुंतलेलें असतें. उरलेल्यांतलें बरेचसें यकृत, प्लीहा इत्यादि कोठारांत सांठविलेलें असतें. वाहत्या रक्तद्रवांत केवळ ३-४ मिलिग्रॅम, आणि तेंहि ट्रान्सफेरिनच्या मुठींत! शिवाय निरोगी मनुष्याच्या ट्रान्सफेरिनचा सुमारें एक-तृतीयांश भागच लोहानें भरलेला असतो. बाकीचे हात मोकळे असतात. एखादा अणु कोठें सुटा झालाच, तर त्याला झडप घालून पकडण्यास पहारेकरी उभे असतात. इकडे एकेका जंतूला लोहाचे लाखों अणु लागतात. लोहावांचून बहुतेक जंतूंना श्वसन साधत नाहीं, कीं आपल्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल करून संतति वाढवितां येत नाहीं. अन्नानें भरलेल्या रक्तांत पडूनहि त्यांची अवस्था समुद्रांतल्या तहानेल्या खलाशासारखी होते.

ही गोष्ट इतक्या उशिरां ध्यानांत यावी, ह्याचें एक कारण लोहाची प्रतिष्ठा हेंच होय. आपल्याकडील वैद्य पांडुरोगावर मंडूर व लोहभस्म देत आले. इंग्लंडांत सतराव्या शतकांत सिडनॅम यांनीं लोहाचा कीस मद्यांत भिजवून फिकट पडलेल्या तरुणींना पाजला. १८३२ सालीं फ्रान्समध्यें ब्लो यांच्या लोहाच्या गोळ्या निघाल्या आणि त्या जगभर खपल्या. लोह म्हणजे बळ, लोह म्हणजे गालांवरची लाली, हें समीकरण लोकांच्या मनांत घट्ट बसलें, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या ऑतेल-द्यू रुग्णालयांतील नामांकित वैद्य आर्मां त्रूसो यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना एक निराळीच सूचना दिली. ज्या रोग्याच्या शरीरांत क्षय दबून बसल्याची शंका आहे, त्याला लोह देऊं नये. दिल्यास दबलेला क्षय पुन्हां उसळतो. त्रूसो १८६७ सालीं वारले. त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता. क्षयाचा जंतुच मुळीं १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांना सांपडला. केवळ रोग्यांच्या खाटेशीं उभें राहून मिळविलेलें तें ज्ञान होतें, आणि प्रयोगशाळेचा आधार नसलेल्या ज्ञानाची जी गति होते तीच त्याची झाली. लोक तें विसरले.

विसाव्या शतकांत रक्तांतील लोह मोजण्याची साधनें सुधारलीं, तेव्हां दुसरें एक कोडें पुढें आलें. कोणताहि मोठा संसर्ग झाला, कीं रक्तद्रवांतील लोह झपाट्यानें खालीं जातें आणि आजार लांबला तर रोगी पांडुर होतो. १९४६ सालीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत कार्टराइट, विंट्रोब व त्यांचे सहकारी यांनीं ह्याचा कसून अभ्यास केला. अशा रोग्यांना लोह देऊनहि पांडुता हटेना. दिलेलें लोह रक्तांत न टिकतां कोठारांत जाऊन बसे. कोठारें भरलेलीं, आणि बाजारांत दाणा नाहीं! पुष्कळ वर्षें वैद्य ह्याला शरीराचा बिघाड समजत होते. वेढा पडल्यावर किल्लेदार धान्याचीं दारें बंद करून किल्ल्या कमरेला लावतो, तसाच हा प्रकार असेल, ही कल्पना रूढ व्हावयास १९७० नंतरचें दशक उजाडावें लागलें. इव्हान कोखान व यूजीन वाइनबर्ग या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांनीं तिचा हिरिरीनें पुरस्कार केला आणि ‘पोषणजन्य प्रतिकार’ अशा अर्थाचें नांव ग्रंथांत रूढ केलें. तापाचाहि येथें हात आहे असें दिसून आलें. क्लुगर व रॉथेनबर्ग यांनीं १९७९ सालीं दाखविलें, कीं तापाच्या उष्णमानांत लोह कमी पडलें, तर कांहीं जंतूंची वाढ विशेष मंदावते. घरोघर शत्रु मानला गेलेला ताप किल्लेदाराचा साथीदार निघाला.

दारें बंद करण्याचा हुकूम कोण सोडतो, हें कळण्यास मात्र एकविसावें शतक उजाडलें. २००० व २००१ सालीं जर्मनींत व लॉस एंजेलिस येथें रक्तांत आणि मूत्रांत जंतुनाशक द्रव्यें शोधतांना यकृतांत तयार होणारें एक चिमुकलें प्रथिन हातीं लागलें. त्याचें नांव हेप्सिडिन. शोध घेतला जंतुघ्न औषधाचा आणि सांपडला कोठारांचा कारभारी! जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यांतलें २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीर दररोज पुन्हां रक्तांत सोडतें. अन्नांतून येतें तें अवघें १-२ मिलिग्रॅम. पेशींतून लोह बाहेर पडण्याचा दरवाजा एकच असतो. हेप्सिडिन त्या दरवाजाला चिकटतें आणि दरवाजाच मोडीत निघतो, असें २००४ सालीं नेमेथ, गांझ व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. संसर्गाची वर्दी पोंचतांच यकृत हेप्सिडिन सोडतें आणि कांहीं तासांतच रक्तांतील लोह ओसरतें. १९४६ चें कोडें अशा रीतीनें अठ्ठावन्न वर्षांनीं सुटलें.

शत्रुहि मूर्ख नाहीं. १९१२ सालीं इंग्लंडांत ट्वॉर्ट व इन्‌ग्रॅम हे गुरांना अतिसार लावून खंगविणाऱ्या एका जंतूचा अभ्यास करीत होते. तो जंतु कांहीं केल्या कांचेच्या बशींत वाढेना. मात्र त्याच्याच जातींतल्या दुसऱ्या जंतूंचीं मेलेलीं शरीरें अन्नांत मिसळलीं, कीं वाढे. त्या मृत शरीरांत काय होतें, हें कळण्यास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. तें लोह पकडणारें एक द्रव्य निघालें. बर्कले येथें नीलँड्स यांनीं १९५२ सालीं एका बुरशीपासून तशाच गुणाचें द्रव्य वेगळें केलें, आणि १९७० सालीं कोलाय व त्याच्या भाऊबंदांचें हत्यार अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत जवळजवळ एकाच वेळीं ओळखलें गेलें. जंतु हे रेणु गळाप्रमाणें बाहेर सोडतात, त्यांना लोह अडकतें आणि भरलेला गळ पुन्हां आंत ओढला जातो. कोलायचा गळ तर ट्रान्सफेरिनपेक्षांहि लोहाला घट्ट पकडतो.

यावर शरीराचा डाव असा, कीं पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन नांवाचें एक प्रथिन सोडतात व तें जंतूचा गळच गिळून टाकतें. हें २००२ सालीं कळलें; आणि ज्या उंदरांच्या अंगीं हें प्रथिन नव्हतें ते कोलायच्या संसर्गानें दगावले, हें २००४ सालीं. परंतु विषमज्वराच्या जंतूच्या कुळांतील साल्मोनेला हे आपल्या गळाला साखरेचे रेणु जोडतात. मग तो लिपोकॅलिनच्या मुखांत मावत नाहीं आणि वेष पालटलेल्या हेराप्रमाणें पहाऱ्यांतून निसटतो. परमा व मेंदूच्या आवरणाचा दाह उत्पन्न करणारे जंतु तर गळहि टाकीत नाहींत. ते सरळ ट्रान्सफेरिनच्याच मानेला धरून त्याच्या हातचें लोह हिसकावून घेतात. त्यांना मनुष्याचें ट्रान्सफेरिन लागतें, उंदराचें चालत नाहीं, आणि हे रोग मनुष्यालाच होतात त्याचें एक कारण हेंहि आहे. २०१४ सालीं यूटा येथेंच, म्हणजे कार्टराइट व विंट्रोब यांच्याच विद्यापीठांत, बार्बर व एल्डे यांनीं मनुष्य व वानरकुळांतील अनेक प्राण्यांचें ट्रान्सफेरिन ताडून पाहिलें. ज्या जागीं जंतु पकड घेतो नेमक्या त्याच जागीं तें प्रथिन लक्षावधि वर्षें पुन्हां पुन्हां बदलत आलें आहे. दरोडेखोराच्या भीतीनें घरमालकानें कुलूप बदलीत राहावें, तसें.

मातेच्या दुधांतहि हा पहारा आहे. त्यांत लॅक्टोफेरिन नांवाचें ट्रान्सफेरिनचें भावंड असतें. १९७२ सालीं इंग्लंडांत बुलेन व सहकारी यांनीं तें कोलायला कसें रोखतें हें दाखविलें. आणि लोहावरच हा खेळ संपत नाहीं. पांढऱ्या पेशींत विपुल असणारें कॅलप्रोटेक्टिन हें प्रथिन जस्त व मँगेनीज हे धातु अडवून धरतें. २००८ सालीं टेनेसींतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत उंदरांच्या गळवांची तपासणी झाली. भोंवतालच्या निरोगी मांसांत मँगेनीज होतें, गळवांत मात्र त्याचा मागमूस नव्हता. ज्या उंदरांत हें प्रथिन नव्हतें त्यांच्या गळवांत मँगेनीजहि होतें आणि जंतुहि अधिक होते. लाइम रोगाच्या जंतूनें तर लोहाची गरजच सोडून दिली आहे, असें २००० सालीं आढळलें. तो मँगेनीजवर भागवितो.

येथपर्यंतची कथा प्रयोगशाळेची झाली. पुढची कथा जित्या माणसांची आहे, आणि ती सांगतांना मन कचरतें. न्यूझीलंडमध्यें मावरी व इतर पॉलिनेशियन बालकें पांडुर होतात, म्हणून कांहीं ठिकाणीं जन्मतांच त्यांना लोहाची सुई टोचण्याची पद्धति पडली. हेतु अत्यंत चांगला. परंतु कोलाय जंतु रक्तांत शिरून होणारा भयंकर रोग त्या बालकांत वाढला. सुई बंद केली तेव्हां नवजात बालकांतील ह्या प्रकारच्या रोगाचें प्रमाण दर हजारीं १७ वरून तिनाच्या आंत आलें. ही हकीकत १९७७ सालीं बॅरी व रीव्ह यांनीं प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं मरे कुटुंबांतील चौघांचा अहवाल आला. ओगादेनच्या वाळवंटी मुलखांत दुष्काळानें छावणींत आलेल्या सोमाली भटक्या लोकांचें मुख्य अन्न दूध, आणि दुधांत लोह नाममात्र. त्यामुळें त्यांच्यांत लोहाची तूट सर्रास होती. त्यांतील ७१ जणांना लोह देण्यांत आलें व ६७ जणांना लोह नसलेलें तसेंच दिसणारें औषध. लोह न मिळालेल्यांत संसर्गाचे ७ प्रसंग घडले, लोह मिळालेल्यांत ३६. मलेरिया, क्षय असे दबून बसलेले रोग उसळले. शंभर वर्षांपूर्वींच्या त्रूसोंचे शब्द असे पुन्हां जिवंत झाले.

मोठा धक्का बसला तो २००६ सालीं. झांजीबारजवळच्या पेंबा बेटावर मलेरियाचें थैमान असे. तेथें २४ हजारांवर लहान मुलांवर झालेल्या चांचणीचा निष्कर्ष असा निघाला, कीं ज्यांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिलें त्यांना मृत्यु येण्याची किंवा रुग्णालयांत दाखल व्हावें लागण्याची शक्यता १२ टक्क्यांनीं अधिक होती. लोह देण्याचा भाग मध्येंच थांबवावा लागला. मात्र त्याच चांचणींतील एका लहान गटांत मुलांच्या मलेरियावर नीट देखरेख होती. तेथें ज्यांच्या रक्तांत खरोखरच लोहाची तूट होती, त्यांना लोहानें फायदा झाला. ह्यावरून लोहच वाईट, असा अर्थ काढणें म्हणजे आगीच्या भयानें चूल विझविण्यासारखें आहे. लोहावांचून बालकाच्या मेंदूची वाढ अडते, गरोदर स्त्रीचा जीव धोक्यांत येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के पांडुर आढळल्या. त्यांच्यापुढें जंतूंच्या उपासमारीचें तत्त्वज्ञान मांडून गोळी काढून घेणें हा अन्यायच होईल. आधीं मलेरिया आवरावा, चालू संसर्ग पाहावा आणि मग कोठार भरावें, असा क्रम पेंबानंतर ठरत गेला. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि मलेरियाच्या प्रदेशांत मुलांना लोह देतांना मलेरियाचा प्रतिबंध, निदान व उपचार यांची जोड असली पाहिजे, असें सांगितलें. क्रम लहानसा दिसतो. परंतु जेथें आरोग्यकेंद्र एका दिवसाच्या वाटेवर आहे, तेथें तो पाळणें किती कठीण, हें खेडेगांवच्या परिचारिकेलाच ठाऊक.

किल्लेदाराच्या कोठाराचें दार मुळांतच मोडलेलें असेल तर काय होतें, हें एका वेगळ्याच ठिकाणीं दिसून आलें. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेल्या ज्या ग्रंथिक सन्निपातानें महाराष्ट्रांतलीं घरेंच्या घरें ओस पाडलीं, त्याच प्लेगचा जंतु लोहाचा मोठा हपापलेला आहे. १९५६ सालीं इंग्लंडांत जॅक्सन व बरोज यांना त्या जंतूचे कांहीं वाण असे सांपडले, कीं ते उंदरांना मारूं शकत नव्हते. परंतु उंदराला त्यांच्यासह लोह टोचलें, कीं तेच वाण प्राणघातक होत. लोह मिळविण्याची शक्ति गमावलेले असे वाण निरुपद्रवी समजून प्रयोगशाळांत वापरांत आले. शिकागो येथील एक साठ वर्षांचा संशोधक असाच एक वाण हाताळीत असे. २००९ च्या सप्टेंबरांत त्याला ताप व खोकला आला, आणि १३ सप्टेंबरला तो मरण पावला. त्याच्या रक्तांत तोच दुबळा प्लेगजंतु सांपडला. शवपरीक्षेंत असें आढळून आलें, कीं शरीरांत लोहाचा संचय होत जाणारा एक आनुवंशिक रोग त्याला होता आणि त्याची कल्पना त्याला स्वतःलाहि नव्हती. जंतूनें जी विद्या गमावली होती तिची गरजच येथें उरली नाहीं. दाणा अंगणांत सांडलेला होता. पुढें २०१२ सालीं लोहसंचयाचा तसाच आनुवंशिक दोष असलेल्या उंदरांवर हे ‘निरुपद्रवी’ वाण सोडून पाहिले. निरोगी उंदरांना जे वाण मारूं शकत नव्हते, त्यांनींच हे उंदीर मारले.